सात नंबरचं वजन

पत्र वाचून साहेब हसले आणि तिथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले. "सापडले बेटे! आता तीन-चार वर्षं तरी त्यांना कोणी विचारणार नाही."

बेटे म्हणजे सीमेपलीकडची प्रयोगशाळा. त्या देशाचं आणि आमचं गेली दोन वर्षं बोलणं नाही. रेल्वे बंद, टपाल तिसऱ्याच देशातून फिरून येतं. त्यामुळे त्यांचं काही बिघडलं की आमच्याकडे चहाबरोबर बिस्किटं मागवतात. साहेबांनी त्या दिवशी खरोखरच मागवली. मी घेतली नाहीत. साहेबांचा राग आला म्हणून नाही, पलीकडच्यांचा आला म्हणून. साहेबांचा राग मला रोजच येतो, त्यासाठी मी बिस्किटं सोडत नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे आणि करायला जिकिरीचं. देशातलं प्रत्येक वजन, औषधाच्या कारखान्यातलं असो की दुकानातलं, पायरी पायरीने शेवटी आमच्या वजनाशी ताडून पाहतात. पण आमचं तरी बरोबर कशावरून? 'आम्ही सांगतो म्हणून' असं म्हणणाऱ्याला मी माझ्या खोलीच्या दारातही उभं करणार नाही. म्हणून दर काही वर्षांनी एक किलोचं एकच वजन, मुठीत मावेल एवढा पोलादाचा भरीव दंडगोल, लाकडी पेटीत बसून देशोदेशी फिरतं. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. प्रत्येक देश पाहुण्याला आपल्या काट्यावर तोलतो, आकडा बंद पाकिटात ही फेरी चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्राला पाठवतो आणि पाहुणा पुढच्या देशाच्या हवाली करतो. दुसऱ्याचा आकडा कोणाला कळत नाही. शेवटी केंद्र सगळी पाकिटं फोडतं. ज्यांचे आकडे जुळले, त्यांच्या कागदावर बाकीचे देश विश्वास ठेवतात. ज्यांचे नाही जुळले, त्यांच्या मालाच्या पेट्या बंदरावर पुन्हा उघडतात, पुन्हा तोलतात, नाहीतर परत पाठवतात.

यंदा आमच्या दोन देशांमध्ये थेट, न भांडता गेलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे हा पाहुणा. चौथा मुक्काम त्यांच्याकडे, पाचवा आमच्याकडे. आता केंद्राने लिहिलं होतं की पहिल्या चार देशांचे आकडे एकमेकांशी जुळतात, आमच्यापासून पुढच्या सगळ्यांचेही एकमेकांशी जुळतात, पण पुढच्यांचे आकडे पन्नास मायक्रोग्रॅमने कमी आहेत. म्हणजे चौथ्याने तोलल्यावर आणि पाचव्याने तोलण्याआधी कोणीतरी पाहुण्याला धुतलं किंवा पुसलं आणि त्याच्या अंगावर साचलेला सूक्ष्म थर निघून गेला. नियमांच्या कागदावर पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं, पाहुण्याला धुवायचं नाही, फक्त मऊ ब्रशने धूळ झटकायची. दोन्ही प्रयोगशाळांनी बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत फॅक्सने लेखी खुलासा द्यावा. ज्यांच्याकडून कसूर झाली असेल त्यांचं नाव विश्वासाच्या यादीतून काढण्यात येईल.

"त्यांनीच," मी म्हटलं. "पाठवण्याआधी चकचकीत करून पाठवला असेल. लग्नाला निघाल्यासारखा!"

"लिहा मग तसं. जरा कडक लिहा."

कडक लिहिण्यासाठी मला कोणाला विनंती करावी लागत नाही. माझ्या माघारी मला मिरची म्हणतात हे मला ठाऊक आहे. मी मंगळवारची दुपार खर्ची घालून दीड पानी पत्र लिहिलं. पाहुणा आमच्याकडे आला तेव्हाचा आवक-कागद माझ्या सहीचा होता: पेटी शाबूत, वजन उत्तम स्थितीत, ब्रशखेरीज काही लावलेलं नाही. त्याची एक प्रत पोच म्हणून तेव्हाच पलीकडे गेली होती; तोच कागद मी पत्राला जोडला. ज्यांना साधी स्वच्छतेची शिस्त पाळता येत नाही त्यांनी या कामात पडूच नये, असंही एक वाक्य टाकलं. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

संध्याकाळी घरी गेले तरी माझी धुसफूस चालूच होती. सासूबाई ताटावर बसल्या होत्या आणि आमचे हे एका गिऱ्हाइकाच्या कोटाची उसवलेली शिवण बघत होते. हे शिंपी आहेत. घरात एकाचं काम मायक्रोग्रॅममध्ये आणि एकाचं इंचात, त्यामुळे जेवताना मीठ किती यावर मात्र कोणाचंच ऐकलं जात नाही.

"पन्नास म्हणजे किती गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी त्यांच्या थायरॉइडच्या गोळ्यांची पट्टी उचलून दाखवली. "तुमच्या एका गोळीत औषध असतं ना, तेवढं. बाकीची गोळी म्हणजे नुसती पूड."

"एवढ्यासाठी एवढा आरडाओरडा?"

"एवढंच औषध तुम्हाला रोज सकाळी उठवतं, आई."

त्यांनी पट्टी उलटी करून बघितली. मागे कारखान्याचं नाव होतं. कारखाना पलीकडच्या देशातला, गोळ्या तिसऱ्या देशातून फिरून आलेल्या. सासूबाईंनी पट्टी डब्यात ठेवली आणि झाकण नेहमीपेक्षा घट्ट लावलं. मला ते दिसलं आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"मी एक सांगू?" हे म्हणाले. "शिंप्याकडे गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की बाही आखूड झाली, तर शिंपी काय म्हणतो?"

"काय?"

"धुतल्यावर आटलं. पंचवीस वर्षं मी हेच सांगतोय. त्यातली निम्मी कापडं आटणारी नव्हतीच. माझीच कात्री वाकडी गेली होती."

"म्हणजे आम्ही खोटं बोलतोय?"

"मी कुठं तसं म्हटलं? मी माझ्या कात्रीचं सांगितलं."

मी ताट ढकललं आणि उठले. त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही. पण 'धुतल्यावर' हा शब्द काही डोक्यातून जाईना. आमच्या खोलीत धुण्याची एक वही आहे. तिच्यातलं पाहुणा आला त्या दिवसाचं पान आपण उघडून पाहिलेलं नाही, हे मला अंथरुणावर आठवलं, आणि मग मला यांचा आणखीच राग आला.

बुधवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. काट्याची खोली म्हणजे इमारतीच्या पोटातली, खिडकी नसलेली, बारा महिने एकाच तापमानाची. बाहेरच्या छोट्या खोलीत बूट काढायचे, डगला घालायचा, मोजे घालायचे. तिथल्याच फळीवर ती वही. काट्यावर चढणारं आमचं प्रत्येक वजन आधी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मऊ चामड्याने पुसायचं, मग एक दिवस काचेखाली निवांत ठेवायचं, ही पद्धत मीच पाडली. कोणतं वजन, कधी, हे त्या वहीत लिहायचं, हीही माझीच पद्धत. इतर प्रयोगशाळांत इतकं करत नाहीत, म्हणून मी नाकाने कांदे सोलत असे.

अकरा महिन्यांपूर्वीचं पान काढलं. पाहुणा आला तो दिवस. आमची एक किलोची वजनं सहा आहेत, एक ते सहा नंबरांची. पानावर एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. त्याखाली सात.

आमच्याकडे सात नंबरचं वजन नाहीच.

तेवढ्यात धाकटी आली. आमच्या खोलीत आम्ही दोघीच, म्हणून मी थोरली आणि ती धाकटी, असं संस्थेत नावच पडून गेलंय. तिशीची आहे, हुशार आहे, हात स्थिर आहे. मी तिला दारातच धरलं.

"हे काय केलंस? पाहुण्याला धुतलंस? पहिल्या पानावर लिहिलेलं वाचता येत नाही? शिकवलं काय मी तुला? सीमेपलीकडच्यांच्या नावाने मी बोंब मारत सुटलेय आणि चोर माझ्या घरात?"

 डगल्याची बटणं लावून झाल्यावर तिने वही माझ्या हातातून घेतली, फळीवर उघडी ठेवली आणि सातच्या आकड्यावर बोट टेकवलं. मग त्याच पानावर खाली, दुसऱ्या दिवशीच्या तिच्या नोंदीच्या तारखेतल्या सातवर. तिचा सात सरळ असतो. माझ्या सातला शेपूट असते, शाळेपासून.

मी खाली बसले. तिथे बसायला स्टूल नाही, बूट ठेवायची फळी आहे, तिच्यावर बसले.

सगळं आठवलं. त्या दिवशी साहेब फोटोवाल्याला घेऊन थेट इथपर्यंत आले होते. बूट घालून. पाहुण्याबरोबर त्यांना फोटो हवा होता, हातात धरून. उघड्या हातात! मी पेटी छातीशी धरली आणि दोघांना असं झाडलं की जिन्यापर्यंत आवाज गेला. फोटोवाल्याचा दिवा फुटला. दार लावून घेतलं, तेव्हा माझे कान तापले होते आणि मी तोंडाने शिव्या देत होते. आणि हात? हात आपलं तीस वर्षांचं काम करत होते. एक झालं, पुस. दोन झालं, पुस. सहा झाली आणि समोर आणखी एक किलो होतं, तेही पुसलं. सात. मग आवक-कागद समोर ओढला आणि 'ब्रशखेरीज काही लावलेलं नाही' याखाली सही केली, कारण तो नियम मला तोंडपाठ होता, आणि जो नियम मला तोंडपाठ आहे तो माझ्या हातून मोडेल हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

"तुला हे दिसलं होतं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी."

"मग अकरा महिने तोंड शिवलं होतंस?"

"विचारणार होते," धाकटी म्हणाली. "आदल्या आठवड्यात मी दाराची मूठ दोनदा फिरवली म्हणून तुम्ही मला सगळ्यांसमोर काय काय बोललात, आठवतंय? तुमच्याकडे येऊन 'तुम्ही चुकलात' म्हणायची छाती कुणाची आहे इथे? माझी नव्हती."

मी वही काखेत मारली आणि साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी पान पाहिलं, दार लावलं आणि आवाज एकदम मऊ केला. मऊ आवाजातला साहेब मला मोठ्या आवाजातल्यापेक्षा जास्त घाण वाटतो.

"हे कोणी पाहिलंय?"

"मी, धाकटीने, आणि आता तुम्ही."

"मग झाकली मूठ राहू द्या. सातचा आकडा आहे नुसता. पाहुणा असं कुठं लिहिलंय? तुमचं कालचं पत्र छान आहे, ते जाऊ दे."

"ते पत्र खोटं आहे."

"अहो, आपलं नाव यादीतून जाईल! वीस वर्षांत एकदाही गेलेलं नाही. आपल्या कारखान्यांचं काय? आणि त्यांच्यासाठी? त्यांनी आपल्यासाठी कधी काय केलंय?"

"त्यांनी पाहुण्याला हात लावला नाही," मी म्हटलं. "एवढंच करायचं होतं त्यांनी. आणि केलं."

"फार तत्त्वाची भाषा करू नका. तुम्ही निवृत्तीला आलात, तुमचं काय जातंय?"

तिथे माझा तोल सुटला. माझं काय जातंय? तीस वर्षं घरी पाहुणे आले तरी माझे हात दुखू नयेत म्हणून मी जड बादली उचलली नाही. ह्यांच्या आजारपणातही वजनाची पाळी चुकवली नाही. अख्ख्या आयुष्यात एक गोष्ट कमावली, की ह्या बाईची सही आहे म्हटल्यावर लोक दुसऱ्यांदा तोलत नाहीत. मी हे सगळं साहेबांना ओरडून सांगितलं. टेबलावर वही आपटली. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर परदेशी मंडळींशी हात मिळवतानाचे त्यांचे फोटो टांगलेले आहेत, त्यातला एक वाकडा झाला.

"या फोटोंवर कोणी विश्वास ठेवत नाही, साहेब. ठेवतात तो त्या कागदावर. आणि तो माझा कागद आहे. तो मागेही मीच घेणार."

"माझ्या परवानगीशिवाय पत्र गेलं तर चौकशी लावीन."

"लावा. चौकशीत ही वही मी स्वतःच वाचून दाखवते."

खोलीत परत येऊन घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते, पाचला पुष्कळ वेळ होता. मला वाटलं, केंद्राला लिहिण्याआधी पलीकडच्या माणसाला आपल्या तोंडाने सांगावं. तिथले मुख्य तोलणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. पाहुण्याच्या ये-जा करण्यावरून चार-पाचदा फोनवर बोलणं झालं होतं, तेही परक्या भाषेत, जिची आम्ही दोघं सारखीच मोडतोड करतो. बोलणं इतकं हळू आणि अदबीचं, की मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायला लागले होते. नंबर तिसऱ्या देशातून फिरवून लागतो. वीस मिनिटांनी लागला.

मी सांगितलं. राग, फोटोवाला, सात नंबर, सगळं. मधे त्यांनी एकदाही अडवलं नाही.

"पाचच्या आत मी केंद्राला लिहिते," मी म्हटलं. "तुमच्याकडून काही कसूर झालेली नाही."

 

"आम्ही कालच लिहून दिलं," काका म्हणाले. "आमच्याकडूनच झालं असावं म्हणून."

"का? तुम्ही तर हातही लावला नव्हता!"

"दोन आठवडे शोधलं आम्ही. केंद्राने आम्हाला फोनवर आधी विचारलं होतं. वह्या तपासल्या, पेटी बांधतानाची माणसं तपासली. काही सापडलं नाही. पण तुमच्या आवक-कागदावर तुमची सही होती. मी म्हटलं, त्या बाईंच्या सहीत चूक असणार नाही, म्हणजे चूक आपल्यातच आहे. पेटी बांधली होती एका मुलीने. चार वर्षं मीच तिला शिकवलं. ती रडून सांगत होती की मी फक्त चिमट्याने उचललं. मी तिला खोटारडी म्हटलं. शुक्रवारी तिला काट्याच्या खोलीतून काढलं. आता ती तळमजल्यावर पाकिटांवर पत्ते लिहिते."

मी म्हटलं, "मला माफ करा."

आणि मग तो हळू बोलणारा माणूस ओरडला. असा ओरडला की शेजारच्या टेबलावर धाकटीने मान वर केली.

"तुम्ही सही केली होतीत! मी माझ्या माणसाचं ऐकलं नाही आणि तुमचं ऐकलं! इथे सगळे म्हणत होते, सीमेपलीकडच्यांवर कसला विश्वास ठेवता, आणि मी त्यांच्याशी भांडलो! तुमच्या सहीसाठी भांडलो मी!"

त्यांची भाषा सुटली. पुढचं सगळं ते त्यांच्या स्वतःच्या भाषेत बोलले. मला एक शब्द कळला नाही आणि तरी मी प्रत्येक शब्द कानाला फोन लावून ऐकला. आयुष्यभर मी लोकांना बोलले. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी मला बोललं आणि ते माझ्या मापाचं होतं.

शेवटी ते दमले. परक्या भाषेत परत आले.

"मला तुमचं फोनवरचं बोलणं पुरे आहे," ते म्हणाले. "तिला पुरणार नाही. तिला कागद लागेल."

"केंद्राला जाईल तोच तिलाही पाठवते."

"नाही. तिचा वेगळा. तिच्या नावाने. तिचं नाव मी सांगतो, लिहून घ्या."

त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, मी एकेक अक्षर लिहिलं आणि परत वाचून दाखवलं. दोन अक्षरं चुकली होती, ती त्यांनी सुधारली. मग निरोप न घेता फोन ठेवला.

कालचं दीड पानी पत्र मी फाडलं. नवीन पत्र सहा ओळींचं झालं. पहिली ओळ होती, पाहुण्याला मी धुतलं. वहीच्या त्या पानाची प्रत जोडली, शेपटीच्या सातसकट. दुसरा कागद त्या मुलीच्या नावाचा. त्यात लिहिलं की तुम्ही खरं बोलत होतात आणि माझा कागद खोटा होता.

दोन्ही कागद धाकटीसमोर ठेवले.

"वाच," मी म्हटलं. "चूक काढ. सापडली तर सांग, आत्ता, तोंडावर."

तिने खुर्ची ओढून घेतली, पेन्सिल घेतली आणि प्रत्येक शब्दाखाली टोक सरकवत वाचायला लागली. तिला घाई नव्हती. साहेबांचा शिपाई दोनदा बोलावणं घेऊन आला, दोनदा मी त्याला परत पाठवला. चार वाजून गेले.

"तारीख," धाकटी म्हणाली. "तुम्ही कालची तारीख टाकलीय."

माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. तारीख बदलली. मग त्याच पेनने दोन्ही कागदांवर सही केली.